राउटर अपडेट केला आणि नेट गेलं: टाचणी उचलण्याआधी

रात्री साडेअकराला राउटर अपडेट करू नये हे मला माहीत होतं. तरी केला. ॲपमध्ये तीन आठवडे एक लाल ठिपका दिसत होता आणि असा ठिपका माझ्याच्याने बघवत नाही. बटण दाबलं, टक्के सरकले, राउटर विझला, पुन्हा पेटला. त्यानंतर जो दिवा पांढरा व्हायला हवा तो नारिंगीच राहिला. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली, आणि खाली बारीक अक्षरांत ‘नो इंटरनेट’. सकाळी साडेनऊला मला एका कंपनीचे आकडे ऑनलाइन समजावून सांगायचे होते.

मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, हिशेब लिहिते. पण ताळेबंद जुळत नाही तेव्हा आम्ही सगळी वही फाडून पहिल्यापासून लिहायला बसत नाही. फरक कुठल्या पानावर आला ते आधी शोधतो. राउटरच्या मागे ते बारीक भोक असतं ना, टाचणी घालून दाबायचं, ते रीसेट म्हणजे वही फाडणंच. आणि अपडेटनंतर नेट गेलं की प्रत्येकाचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो.

माझाही गेला होता, फक्त दुसऱ्याच्या राउटरवर. मागच्या वर्षी दादाचा फोन आला. “अगं, राउटर रात्री आपोआप अपडेट झालाय, सकाळपासून नेट नाही.” मी तोऱ्यात म्हटलं, “मागे भोक आहे बघ, टाचणी घाल, दहा सेकंद दाबून धर.” त्याने धरली. दिवे सगळे एकदम लुकलुकले. त्याबरोबर वाय-फायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि चार वर्षांपूर्वी जोडणी करायला आलेल्या मुलाने आत टाइप केलेलं युजरनेमही गेलं. ते घरात कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. दोन दिवस दादाचं घर मोबाइलच्या डेटावर चाललं. मूळ बिघाड काय होता? आजतागायत कळलेलं नाही, कारण पुरावाच आम्ही पुसून टाकला होता.

तर पुढचं सगळं ती टाचणी लांब ठेवून.

आधी हात न लावता

अपडेट चालू असताना वीज काढू नका हे सगळे सांगतात. अपडेट झाल्यावरही दहा मिनिटं थांबा, हे फारसं कुणी सांगत नाही. नवीन फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा सुरू होताना जुनी सेटिंग्ज वाचतं, आपल्या पद्धतीने पुन्हा मांडतं, कधी स्वतःहून आणखी एकदा रीस्टार्ट होतं. शिवाय ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लगेच दिसलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या पट्ट्यातल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारही चालतात, म्हणून तिथे बोलायला सुरुवात करण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. हवामानाच्या रडारसाठी राखलेल्या तुकड्यात युरोपात हा काळ १० मिनिटांचा आहे. तुमचा राउटर बिघडलेला नसून कान देऊन बसलेला असू शकतो.

दहा मिनिटांनी काही बदल नाही, तर दिव्यांचा फोटो काढा. राउटरचाही आणि फायबरच्या डब्याचाही, म्हणजे बाहेरून आलेली तार ज्यात शिरते त्याचा. हा फोटो नंतर नेटच्या कंपनीच्या माणसाशी बोलताना फार कामाला येतो, कारण तोवर तुम्ही चारदा बंद-चालू केलेलं असतं आणि आधी कुठला दिवा कसा होता ते आठवत नाही. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हवा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाहीये. मग राउटरला बोल लावण्यात अर्थ नाही. तुमचं अपडेट आणि बाहेरची तुटलेली तार एकाच रात्री घडू शकतात, आणि दोन्ही एकत्र घडली की माणूस नेमका चुकीच्या डब्याशी झटत बसतो.

आता बंद-चालू, पण क्रमाने. दोन्ही डबे बंद, मिनिटभर थांबा, आधी फायबरचा डबा किंवा मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मगच राउटर. क्रम का? राउटर आधी जागा झाला तर तो बाहेर पत्ता मागतो आणि उत्तर द्यायला पलीकडे कुणी जागं नसतं.

फरक कुठल्या पानावर

तुमच्या मोबाइलपासून वेबसाइटपर्यंतची वाट तीन टप्प्यांची आहे. मोबाइल ते राउटर. राउटर ते बाहेरचं जग. आणि तिसरा टप्पा नावांचा: आपण साइटचं नाव लिहितो, त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची सोय असते. बिघाड बहुतेक वेळा यातल्या एकाच टप्प्यात असतो. सगळ्या सेटिंग्ज एकदम बदलत सुटलं की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं हे कळायचं बंद होतं.

पहिला टप्पा तपासायला शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वाय-फायची भानगड बाजूला पडते. मग लॅपटॉपला मिळालेला आयपी पत्ता बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड, मोबाइलवर वाय-फायच्या नावावर दाबलं की तपशिलात दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने वाट बघून स्वतःच्या मनाने एक घेतला. याचा अर्थ राउटरची पत्ते वाटणारी सोय, डीएचसीपी, बंद पडली आहे किंवा केबल चुकीच्या खाचेत आहे. १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर पहिला टप्पा ठीक.

त्याच जागी ‘गेटवे’ नावाचा आणखी एक पत्ता दिसतो. तो राउटरचा. तो ब्राउझरच्या पट्टीत टाइप केला की राउटरचं आतलं पान उघडतं, नेट असो वा नसो. ब्राउझर कधी ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून आडवा येतो. घरातल्याच डब्याशी बोलत असल्याची खात्री असेल तर पुढे जा. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा आधी बंद करा. वाय-फायला नेट नाही हे कळल्यावर फोन गुपचूप डेटाकडे वळतो आणि राउटरचं पान काही उघडत नाही. या एका गोष्टीत माझी पंचवीस मिनिटं गेली.

आतल्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘इंटरनेट’ असा भाग असतो. त्यात वॅनचा पत्ता बघायचा, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला. तिथे ०.०.०.० असेल तर दुसरा टप्पा तुटलाय. तिथे खराखुरा पत्ता असेल तर ८.८.८.८ ला पिंग करून बघा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवरून बाहेरच्या त्या पत्त्याला हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं (आकडे अर्थातच इंग्रजी). उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, तर तिसरा टप्पा.

माझ्याकडे त्या रात्री वॅनला पत्ता होता. १९२.१६८.१.४. पिंगला उत्तर नव्हतं. पत्ता आहे आणि वाट नाही.

एकाच क्रमांकाची दोन खाती

हे जरा सविस्तर सांगते, कारण घरात फायबरचा डबा आणि त्याच्यामागे स्वतःचा राउटर अशी मांडणी असेल तर अपडेटनंतर हे होण्याची शक्यता बरीच असते.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अपडेटनंतरही जसेच्या तसे होते. म्हणून बाकीचंही जागेवर असणार असं मी गृहीत धरलं. हिशेबात नवशिके हेच करतात, पहिल्या दोन रकमा जुळल्या की तिसरी तपासत नाहीत. खरं तर सेटिंग्ज राउटरच्या मेमरीत फर्मवेअरपासून वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेली असतात. नवीन फर्मवेअरला त्यातली एखादी ओळ जुन्या पद्धतीने लिहिलेली वाचता आली नाही, तर तो ती टाकून देऊन कारखान्यातली मूळ किंमत घेतो. एखादीच ओळ. बाकी सगळं शाबूत. म्हणूनच अपडेटने काही ‘बिघडलं’ असं वरून दिसत नाही.

स्टेटसच्या पानावर वर वॅन: १९२.१६८.१.४. खाली लॅन, म्हणजे घरातल्या बाजूचा राउटरचा पत्ता: १९२.१६८.१.१. आणि फायबरच्या डब्याखालचं स्टिकर उलटं करून बघितलं तर त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१. एकाच क्रमांकाची दोन खाती! नेटवरचा मजकूर छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. पाकीट घरातलं की बाहेरचं, हे राउटर पत्त्याच्या सुरुवातीच्या भागावरून ठरवतो. घरगुती मांडणीत बहुधा पहिल्या तीन आकड्यांवरून. बाहेर जाण्यासाठी पाकीट १९२.१६८.१.१ कडे सोपवायचं, आणि तो पत्ता तर त्याचा स्वतःचाच. पाकीट दारातून बाहेर पडतच नाही. काही राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. माझ्या राउटरला ते सुचलं नाही.

पण मग अपडेटच्या आधी चालत कसं होतं? तेव्हा लॅनचा पत्ता दुसरा काहीतरी असणार. कोणता, मला आठवेना. आठवलं प्रिंटरला. प्रिंटरवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की तो आपल्या सेटिंगचं एक पान छापतो. रात्री एक वाजता ते यंत्र घरघरत जागं झालं, ह्यांनी आतून “आता काय छापतेस?” विचारलं, आणि पानाच्या मधोमध ओळ आली: गेटवे १९२.१६८.५०.१. प्रिंटरला मी कधीतरी पक्का पत्ता दिला होता, त्याच्याकडे जुन्या वहीची एक प्रत शिल्लक होती.

मग काम दोन मिनिटांचं. राउटरच्या पानावर लॅन सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.५०.१ लिहायचं, सेव्ह करायचं. राउटर रीस्टार्ट होतो, तुमचं पान मधेच अडकल्यासारखं दिसतं. तो बिघाड नाही, तुम्ही जुन्या पत्त्यावर त्याची वाट बघत बसलेले असता. वाय-फाय बंद-चालू करा आणि नव्या पत्त्यावर पान उघडा. तिसरा आकडा ५०च हवा असं नाही, डब्याच्या तिसऱ्या आकड्यापेक्षा वेगळा म्हणजे झालं.

दुसरा मार्गही आहे. फायबरचा डबा स्वतः राउटरचं काम करत असेल तर तुमच्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाकायचं. मग तो पत्ते वाटत नाही, फक्त वाय-फाय पुरवतो आणि टक्कर होण्याचा प्रश्नच उरत नाही. पण मुलांसाठी लावलेल्या वेळा, पोर्ट उघडणं वगैरे बऱ्याच सोयी त्या मोडमध्ये बंद होतात. मला त्या हव्या होत्या, म्हणून मी तिकडे गेले नाही.

वॅनला पत्ताच नाही

दादाकडचं प्रकरण हे, निदान टाचणीनंतरचं तरी. वॅनच्या पानावर कनेक्शनचा प्रकार विचारलेला असतो. कारखान्यातून येताना तिथे ‘डायनॅमिक आयपी’ असतं. बऱ्याच कंपन्यांना मात्र पीपीपीओई लागतं, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरायचं. हा पासवर्ड वाय-फायचा नव्हे, कंपनीच्या वेबसाइटवरचाही असेलच असं नाही. अपडेटनंतर प्रकार पीपीपीओईवरून डायनॅमिकवर घसरला असेल तर तो परत निवडा. नशीब असेल तर युजरनेम अजून आत असतं.

नसेल तर कंपनीला फोन. तिथला माणूस पहिल्यांदा विचारणार, “मॅडम, राउटर बंद करून चालू केला का?” चिडू नका, त्याच्यासमोरच्या यादीतला तो पहिला प्रश्न आहे. केला म्हणा, आणि लगेच आपले प्रश्न विचारा. माझ्या कनेक्शनचा प्रकार कोणता? युजरनेम काय, पासवर्ड नवीन करून देता का? व्हीलॅनचा आकडा टाकावा लागतो का? मॅक पत्ता बांधलेला आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांवर तो सहसा गप्प होतो आणि वरच्या माणसाकडे फोन देतो. तेच हवं असतं.

व्हीलॅन म्हणजे कंपनीने तुमच्या पाकिटांवर मारायला सांगितलेला शिक्का. आकडा चुकला की युजरनेम अगदी बरोबर असूनही आत घेत नाहीत. आणि मॅक म्हणजे प्रत्येक यंत्राचा जन्मखूण म्हणावा असा क्रमांक. काही कंपन्या एका ठरावीक मॅकलाच नेट देतात. पूर्वी कुणीतरी राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ करून जुन्या यंत्राचा क्रमांक लावलेला असेल आणि अपडेटने तो काढून टाकला असेल, तर कंपनीच्या लेखी तुम्ही अनोळखी. नवा मॅक त्यांच्याकडे नोंदवून घ्या, क्लोन करत बसण्यापेक्षा ते बरं.

पीपीपीओई जोडला गेला, काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. साध्या केबलवर एका पाकिटात १५०० बाइट जातात. पीपीपीओईचं वेष्टन त्यातले ८ खातं, उरतात १४९२. अपडेटने हा आकडा परत १५०० केला असेल तर मोठी पाकिटं वाटेत अडू शकतात. तपासायला विंडोजच्या पिंग कमांडला तुकडे न करण्याची ‘एफ’ ही आणि आकार सांगणारी ‘एल’ ही जोडणी देऊन १४६४ लिहा. त्यात मथळ्याचे २८ मिळवले की १४९२ होतात. हे गेलं आणि १४७२ अडलं, तर राउटरमध्ये १४९२ लिहून मोकळे व्हा.

नावांचा टप्पा त्या मानाने सोपा. राउटरच्या पानावर डीएनएस ‘आपोआप’वरून काढून हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा. पहिला २०१८पासून चालू आहे, दुसरा २००९पासून. साइट उघडल्या तर दोष सापडला. मग तेच ठेवा किंवा कंपनीचे आकडे परत घाला. आधी एकाच लॅपटॉपवर करून बघितलं तर आणखी चांगलं.

नेट आलं, पण काही यंत्रं रुसली

पावणेदोनला माझा दिवा पांढरा झाला. प्रिंटर मात्र रुसूनच बसला. त्याच्या पत्त्याची जुळणी मीच करून दिली होती, तरी वाय-फायला जोडूनच घेईना. कारण वाय-फायच्या सुरक्षेच्या खान्यात अपडेटने स्वतःहून डब्ल्यूपीए-३ लावलं होतं. ते २०१८ सालचं, माझा प्रिंटर त्याच्या आधीचा. त्याला डब्ल्यूपीए-२च कळतं. ‘दोन्ही मिळून’ असा पर्याय असतो, तो आधी करून बघा. पण काही जुनी यंत्रं त्या मिश्र पर्यायालाही बिचकतात, माझा प्रिंटर त्यांतलाच. शेवटी साधं डब्ल्यूपीए-२ एईएस ठेवलं. मला सुरक्षेत एक पायरी खाली उतरणं आवडलं नाही. जुन्या यंत्रांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढून त्यालाच डब्ल्यूपीए-२ लावायची युक्ती छान आहे, पण बहुतेक राउटर गेस्टवरच्या यंत्राला घरातल्या इतरांशी बोलू देत नाहीत. प्रिंटर जोडला जातो आणि लॅपटॉपला सापडत नाही. दिवे आणि प्लगसारख्या, फक्त बाहेरच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या वस्तूंसाठी मात्र ती युक्ती चालते.

त्याच वस्तूंची दुसरी अडचण: त्यांना बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. अपडेटनंतर राउटरने २.४ आणि ५ ची दोन नावं एक करून टाकली असतील तर नवीन जोडणी करताना काही वस्तू गोंधळतात. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा तशा नावाची खूण काढा, दोन नावं वेगळी करा, वस्तू २.४ वर जोडा. नंतर हवं तर पुन्हा एक करा.

एखादा लॅपटॉप तर वाय-फायचं नावच बघत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं. दोन शक्यता. राउटरने ‘ऑटो’त चॅनल १२ किंवा १३ निवडला आहे आणि लॅपटॉप अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला आहे, जिथे ११ पर्यंतच वापरायची रीत आहे. चॅनल १, ६ किंवा ११ पक्का करा, तसेही २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे हे तीनच. नाहीतर राउटरने ‘एएक्स’ म्हणजे वाय-फाय ६ चालू केलंय आणि लॅपटॉपचा वाय-फाय ड्रायव्हर जुना आहे. ड्रायव्हर नवीन केला की नाव दिसायला लागतं.

जोडलं जातंय असं दाखवून परत तुटतंय, तर त्या फोनवर ‘फरगेट नेटवर्क’ करून पासवर्ड नव्याने घाला. सुरक्षेचा प्रकार बदलला की जुनी साठवलेली ओळख कधीकधी आड येते. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

आणि लेकीचा टॅब. दुसऱ्या दिवशी सुटी होती तिला, सकाळपासून तक्रार, “आई, सगळ्यांचं चालतं, माझंच नाही.” दुपारी आपोआप सुरू झाला. मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. तिच्या टॅबला रात्री नऊ ते सकाळी सात बंद अशी वेळ लावलेली, आणि अपडेटने राउटरचा टाइमझोन ग्रीनिचवर नेऊन ठेवला होता. राउटरच्या लेखी अजून पहाट होती. घरगुती राउटरच्या घड्याळाला सहसा बॅटरी नसते. दर वेळी चालू झाला की तो नेटवरून वेळ विचारून घेतो, तोवर काही राउटरांच्या नोंदींत सरळ १९७० सालचा १ जानेवारी दिसतो. वेळ चुकीची असेल तर वेळापत्रकं चुकतातच, शिवाय नोंदी वाचून काही अर्थ लागत नाही. म्हणून अपडेटनंतर टाइमझोन बघणं हे मी आता पहिल्या पाच कामांत धरते. (रात्री नऊनंतर टॅब बिनदिक्कत चालत होता हे लेकीने मला सांगितलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.)

सगळं करून झालं, तरी नाही

आता फर्मवेअरवर संशय घ्यायला हरकत नाही. स्टिकरवर मॉडेलच्या नावापुढे हार्डवेअरची आवृत्ती असते, व्ही १, व्ही २ अशी. नाव तेच असलं तरी आतला माल वेगळा असतो आणि एकाचं फर्मवेअर दुसऱ्यात घातलं तर राउटर कायमचा झोपू शकतो. बनवणाऱ्याच्या साइटवर नेमक्या त्या आवृत्तीचं पान उघडा. दुरुस्ती करणारं आणखी नवीन फर्मवेअर आलेलं असेल तर ते घ्या, नसेल तर आधीचं. फाइल मोबाइल डेटावर उतरवा, लॅपटॉपवर घ्या, आणि केबल लावूनच चढवा. वाय-फायवरून चढवताना मधेच जोडणी तुटली तर उगाच नवी काळजी. काही कंपन्या मागची आवृत्ती घालूच देत नाहीत, तेव्हा तसा निरोप आला तर जबरदस्ती नको.

मागे गेलात तरी तिथेच घर करू नका. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येच ‘क्रॅक’ नावाची फट सापडली होती आणि ती बुजवायला अपडेटच लागलं. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घुसखोराने जगभरात ५ लाखांहून जास्त राउटर आणि तसली यंत्रं गाठली. पुढची दुरुस्त आवृत्ती आली की चढवायची.

टाचणीची पाळी आता. दाबण्याआधी वॅन, लॅन, वाय-फाय, वेळ या चार पानांचे फोटो काढा. मग राउटर चालू ठेवून दहा सेकंद. नंतर जुन्या सेटिंग्जच्या बॅकअपची फाइल असेल तरी ती लगेच चढवू नका. नव्या फर्मवेअरला जी जुनी ओळ वाचता आली नव्हती ती याच फाइलमध्ये बसलेली असणार. फोटो बघून हाताने भरा: आधी वॅन, नेट आलं का बघा, मग लॅनचा पत्ता, मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः जुनाच, म्हणजे घरातली यंत्रं परत परत जोडावी लागत नाहीत. राउटरचं आतलं पान उघडायचा पासवर्ड मात्र नवा घाला, रीसेटनंतर तो बऱ्याचदा स्टिकरवर छापलेला असतो तोच होतो.

सकाळी साडेनऊच्या मीटिंगला मी नऊ पंचविसाला बसले होते. राउटरच्या खाली आता एक कागद चिकटवलेला आहे: लॅन ५०, प्रकार डायनॅमिक, डब्याचा पत्ता, डब्ल्यूपीए-२, टाइमझोन. प्रिंटरने छापलेलं ते पानही तिथेच घडी करून ठेवलंय.

दादाने परवा अपडेट केलं. त्याआधी मला सात फोटो पाठवले. त्यातला एक स्टिकरचा होता, पूर्ण हललेला, आवृत्ती व्ही ३ आहे की व्ही ८ ते कळेना. “परत काढ,” म्हटलं. “टाचणी कुठे ठेवू?” त्याने विचारलं.